पूजा पूर्ण झाली की नाही?

वाचकांचे प्रश्न : मन आणि श्रद्धा

देव आहे की नाही, हा या सदराचा विषय नव्हे. पूजा, जप, नवस, श्राद्ध करताना माणसाच्या मनात काय चालतं, एवढाच आमचा विषय आहे. या महिन्यात आलेल्या पत्रांतली सहा पत्रं घेतली आहेत. उत्तरं मानसोपचाराचं काम करणाऱ्या आणि पूजाविधी जाणणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : माझं वय ४६. पूर्वी पूजेला अर्धा तास लागायचा, आता तीन तास लागतात. अथर्वशीर्षात एखादा उच्चार चुकला असं वाटलं की पहिल्यापासून सुरू करते. ताम्हन, पळी पुन्हा पुन्हा घासते. मिस्टरांना विचारते, "सगळं नीट झालं ना?" ते हो म्हणतात, तरी पटत नाही. त्यात मूर्तीकडे पाहिलं की अतिशय घाणेरडे विचार येतात. मी पापी आहे का? — वाचक, सांगली

नाही, तुम्ही पापी नाही. हा ओसीडी (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यांपायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं) या आजाराचा, धर्माच्या अंगानं येणारा प्रकार असण्याची दाट शक्यता आहे आणि तो उपचारांनी आटोक्यात येतो. निदान समोरासमोर बसूनच करावं लागतं. पण वेळ वाढत जाणं, समाधान हरवणं आणि नेमके ज्यांची सर्वांत किळस वाटते तेच विचार येणं, या तीन गोष्टी बरंच सांगून जातात.

आधी त्या विचारांबद्दल. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्व्हा यांनी १९७८ साली ओसीडीच्या रुग्णांचे आणि चांगल्या ठणठणीत माणसांचे नकोसे विचार शेजारी शेजारी ठेवून पाहिले. आशयात फारसा फरक नव्हता. कुणाला ढकलून द्यावं, देवाला शिवी द्यावी, देवळात काहीतरी अचकट-विचकट बोलावं, असे विचार बहुतेकांच्या मनात कधी ना कधी चमकून जातात. इतर लोक ते सोडून देतात. तुम्ही देवाला मानता म्हणून तुम्हाला त्यांचा धसका बसतो आणि तुम्ही ते दाबायला जाता. दाबलं की काय होतं हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली दाखवून दिलं. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर घंटी वाजवायची, असं त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं. घंटी वाजतच राहिली. पुढे विचार करायला मोकळीक दिल्यावर तर अस्वल आणखीच जास्त वेळा आलं. मूर्तीसमोर येणारे विचार याच रीतीनं वाढतात. त्यांच्यावरून तुमच्या चारित्र्याचा किंवा भक्तीचा काहीही अंदाज बांधता येत नाही.

आता पुन्हा पुन्हा म्हणण्याबद्दल. शंका आली, छातीत धस्स झालं, पुन्हा म्हटलं, थोडं हलकं वाटलं. या हलकं वाटण्यातच सगळी गोम आहे. 'पुन्हा म्हटलं म्हणून वाचले' असा धडा मेंदू घेतो आणि पुढच्या वेळी शंका आणखी लवकर येते. मिस्टरांचं "हो, झालं नीट" हेही तेच काम करतं. ते मायेनं बोलतात, पण त्यामुळे आजाराला खाद्य मिळतं.

कडक सोवळं पाळणाऱ्या आजीबाईंना हा आजार असतो असं मुळीच नाही. आजीबाईंचं सोवळं कडक असलं तरी ते संपतं. नैवेद्य झाला की त्या मोकळ्या होऊन पानं वाढतात. आजारात पूजा संपतच नाही. शिवाय एकाच बारीक गोष्टीला, उच्चाराला किंवा भांड्याला, सगळं महत्त्व येतं आणि बाकीचा धर्म, म्हणजे दान, सेवा, घरातल्यांशी गोड बोलणं, बाजूला पडतो. एखाद्या जाणत्या गुरुजींना विचारलंत तर तेही म्हणतील की एवढं शास्त्रात नाही.

हा त्रास एकट्या हिंदूंचा नाही. मुसलमानांमध्ये वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, नीट झाली की नाही या शंकेनं पुन्हा पुन्हा हातपाय धुणाऱ्याचा वस्वसा, म्हणजे मनाला लागलेली शंका, सर्वांना ठाऊक असतो. जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना १५२२ साली मान्रेसा इथं असताना आपलं पापनिवेदन अपुरं राहिलं या शंकेनं इतकं घेरलं होतं की जीव द्यावा असं त्यांच्या मनात येऊ लागलं.

उपचार असे असतात. मानसोपचारतज्ज्ञ दहा प्रश्नांची एक मापनपट्टी वापरून त्रास ० ते ४० मध्ये मोजतात. मग तुमच्या भीतींची चढती यादी करतात. सर्वांत खाली असेल 'पळी एकदाच घासली', मध्ये 'अथर्वशीर्ष एकदाच म्हटलं, शंका आली तरी पुढे गेले', वर 'घाणेरडा विचार आला तरी फूल वाहिलं'. खालच्या पायरीपासून सुरुवात होते. ती गोष्ट करायची आणि नंतरची दुरुस्ती करायची नाही: पुन्हा म्हणायचं नाही, विचारायचं नाही, मनातल्या मनात क्षमाही मागायची नाही. भीती किती आहे ते दर दहा मिनिटांनी ० ते १०० मध्ये वहीत लिहायचं. आकडा आधी चढतो. बहुधा अर्ध्या-पाऊण तासात तो उतरायला लागतो. एखाद्या दिवशी नाही उतरला, तरी दुरुस्ती न करता तो तास निभावला हेच त्या दिवसाचं काम. एक पायरी आठवडाभर रोज करायची, मग वरची. अशा साधारण १२ ते २० भेटी लागतात. त्रास जास्त असेल तर औषधंही देतात. ओसीडीत त्यांचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे जातात, मात्राही उदासीनतेच्या आजारापेक्षा बरेचदा जास्त लागते. तिसऱ्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून गोळ्या सोडणं ही नेहमी होणारी चूक आहे.

चांगला उपचारक तुम्हाला देवाचा अपमान करायला सांगत नाही. कुणी तसं सांगितलं तर दुसरा उपचारक शोधा. धर्मात जे सर्वसाधारणपणे पुरेसं मानतात तिथपर्यंत यायचं असतं. ते पुरेसं किती, हे एका गुरुजींना एकदाच विचारून कागदावर लिहून घ्या. षोडशोपचारांऐवजी गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य एवढी पंचोपचार पूजा मान्य आहे. ती १५ ते २० मिनिटांत होते. अलंकार किंवा वस्त्र नसेल तर त्याच्या नावानं अक्षता वाहतात. शेवटी 'मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं' म्हणून जे काही राहिलं ते पूर्ण मानून घेण्याची प्रार्थना पूजेतच आहे. चूक होणार हे गृहीत धरूनच हा विधी बांधलेला आहे. ही क्षमाप्रार्थना मात्र एकदाच म्हणा. तीच पाच वेळा म्हणायला लागलात तर आजारानं जागा बदलली असं समजा. गुरुजींनाही दर आठवड्याला फोन करू नका.

मिस्टरांनी उत्तर ठरवून ठेवावं: "हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो." हे अचानक सुरू करू नका, दोघांनी आधी बोलून घ्या.

प्रश्न : निवृत्तीनंतर रोज ११ माळा रामनाम घेतो. तोंड चालू असतं, मन मात्र पेन्शन आणि भाजीबाजारात. असा जप वाया जातो का? — वाचक, रत्नागिरी

मन भरकटणं हा मनाचा मूळ स्वभावच आहे. 'अरे, मी भलतीकडेच गेलो' हे ध्यानात येतं तोच जपाचा खरा क्षण. तिथून नामावर परत येणं हाच व्यायाम. दहा वेळा गेलात आणि दहा वेळा परतलात तर दहा वेळा व्यायाम झाला. त्यासाठी माळ पहिल्या मण्यापासून सुरू करायची गरज नाही.

पण ११ माळांबद्दल आमचं स्पष्ट मत आहे: त्या कमी करा. आकडा गाठायचा म्हटलं की वेग वाढतो, आणि वेग वाढला की जप जिभेच्या सवयीचा होतो, मन रिकामं राहतं आणि बाजारात जातं. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र एका सावकाश उच्छ्वासावर एकदा म्हणून पाहा. मिनिटाला सहा वेळा होईल आणि १०८ मण्यांना १८ मिनिटं लागतील. तुमची माळ पाच मिनिटांत होत असेल तर श्वासाचा आणि नामाचा मेळच नाही. ल्यूचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांवर इटलीत केलेल्या प्रयोगात असं दिसलं की लॅटिन भाषेतली रोझरी, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, म्हणताना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणताना, दोन्ही वेळी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या ठोक्यांची व रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळते. श्वास रोखून धरू नका. चक्कर आली किंवा ओठांना मुंग्या आल्या तर श्वास जोरानं घेताय असं समजा आणि साधा श्वास घ्या.

पहिली माळ ऐकू येईल अशी, वाचिक करा. दुसरी उपांशु, म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही अशी. मानस जप शेवटी. पुष्कळजण थेट मानस जपाला बसतात, आणि आवाज नाही, ओठ नाहीत, मग मनाला धरायला काहीच उरत नाही. माळ मधल्या बोटावर, मणी अंगठ्यानं ओढायचा, तर्जनी लांब, मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवायची, ही रीत तुम्हाला ठाऊक असेलच. मेरुमण्याशी हात थांबतो तिथे मन कुठे आहे ते पाहून घ्या. जेवणावर जपाला बसू नका, डुलकी लागते. डुलकीच येत असेल तर डोळे उघडे ठेवून समईच्या ज्योतीकडे पाहत बसा.

सवयीनं चालणारा जपही अगदी निरुपयोगी नसतो. दवाखान्याच्या बाकावर किंवा रात्री झोप लागत नसताना तोच आपसूक जिभेवर येतो आणि काळजीचं चक्र मोडतो. तो बसण्याच्या जपाची जागा घेत नाही, इतकंच.

प्रश्न : वडिलांच्या दहाव्याला दीड तास थांबलो, कावळा शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. नातेवाईक म्हणतात, बहिणीला जमिनीत वाटा दिला नाही म्हणून वडिलांचा जीव अडकला. चार महिने झाले, मला झोप नाही. — वाचक, डोंबिवली

विधी अपुरा राहिलेला नाही. कावळा येणार नाही अशीही वेळ येते हे परंपरेला ठाऊक आहे, म्हणून तर दर्भाच्या कावळ्याची सोय आहे. गुरुजींनी केलं ते रीतसर केलं.

कावळ्याची बाजूही समजून घ्या. हा पक्षी अनोळखी वस्तूला आणि टक लावून पाहणाऱ्या माणसांना बिचकतो. घाटावर एका सकाळी अनेक पिंडं ठेवलेली असतात, त्यामुळे दहा-अकरा वाजेपर्यंत त्याचं पोट भरलेलं असतं. माणसं पिंडाभोवती कोंडाळं करून उभी राहिली तर तो झाडावरून उतरतच नाही. लवकरची वेळ, पिंडापासून वीस-पंचवीस पावलं लांब उभं राहणं, यानं बहुधा तो येतो.

मग 'अमुक कबूल केलं आणि लगेच शिवला' असं घरोघरी का ऐकू येतं? लोक एकामागून एक कबुल्या देतात: धाकट्याचं लग्न लावू, आईला सांभाळू, वाटणी करू. कावळा यायचा तेव्हा येतो आणि त्याआधीच्या शेवटच्या कबुलीला मान मिळतो. आधीच्या चार कबुल्या कुणी मोजत नाही.

जवळचं माणूस गेलं की अपराधीपणा येतोच. तो अडकायला खुंटी शोधतो, आणि नातेवाइकांच्या बोलण्यानं तुम्हाला ती मिळाली. आता दोन गोष्टी वेगळ्या करा. बहिणीच्या वाट्याचा प्रश्न खरा असेल तर तो जिवंत माणसांमधला आहे. सातबारा काढा, वकिलाला दाखवा, बहिणीशी बोला. वारसा हक्क कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. वडिलांशी राहिलेलं बोलणं ही दुसरी गोष्ट. ते कागदावर लिहा, 'बाबा' अशी हाक मारून, आणि त्यांच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचून तेवढा उपयोग होत नाही.

दुःख सहा महिन्यांनंतरही रोजचं कामकाज अडवत असेल तर ते तज्ज्ञांकडे नेण्याजोगं मानतात. पण चार महिने झोप नसेल तर तोवर थांबू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : पती जाऊन आठ महिने झाले. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावताना ते मागे उभे आहेत असं जाणवतं. भीती वाटत नाही, बरंच वाटतं. मुलांना सांगितलं तर वेड लागलं म्हणतील. — वाचक, नागपूर

तसं म्हणायचं काही कारण नाही. डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांना गाठून विचारलं होतं. ते १९७१ साली प्रसिद्ध झालं. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवलं होतं, बहुतेकांना त्याचा आधार वाटत होता आणि बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं एका माणसाच्या चाहुलीची सवय झालेलं मन ती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी पुरवतं. मुलांना हे उत्तर वाचायला द्या.

आवाज हुकूम देऊ लागला, 'माझ्याकडे ये' म्हणू लागला, जेवण सुटलं किंवा जगणं नको वाटलं, तर मात्र लगेच मदत घ्या. १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. अतृप्त आत्मा आहे, उतारा करू, असं सांगून पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला. मी देवघराचं दार लावून घेतलं आहे. सासूबाई म्हणतात, देवावर रागावलीस तर मुलाला बाधेल. — वाचक, कोल्हापूर

तुमच्या रागानं मुलाला काहीही होणार नाही. आपल्या संतांनी विठ्ठलाशी भांडण मांडलेलं आहे, जनाबाईंनी तर त्याला शेलक्या शिव्या दिल्या आहेत. ज्याच्याशी नातं आहे त्याच्यावरच माणूस असा रागावतो.

राग आणि 'ही मला शिक्षा आहे' हे दोन वेगळे धागे आहेत. दुसरा जास्त जाचक. अमेरिकेतले केनेथ पार्गमेंट यांनी ५५ वर्षांवरच्या, रुग्णालयात दाखल झालेल्या ५९६ रुग्णांची पाहणी केली. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. देवानं आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं मानणाऱ्यांमध्ये पुढच्या दोन वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. यावरून कारण सिद्ध होत नाही, शिवाय ते वयस्क रुग्ण होते, तुमच्या मुलाला हे लागू करू नका. पण त्या भावनेत माणसाला एकटं सोडू नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं. मनात शिक्षेचा विचार असेल तर तो वॉर्डातल्या समुपदेशकाला किंवा विश्वासातल्या कीर्तनकाराला उघड सांगा.

याहून महत्त्वाची गोष्ट मुलाची आहे. या वयातली मुलं आजार म्हणजे आपल्या खोडीची शिक्षा असं स्वतःच मानून बसतात. ज्याँ पियाजे यांनी १९३२ सालीच मुलांच्या या समजुतीचं वर्णन केलं आहे. आजीच्या तोंडून ते ऐकलं की त्याची खात्रीच पटते. त्याला सरळ शब्दांत सांगा, "तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही. आईनं, आजीनं केलं म्हणूनही नाही." एकदा सांगून पुरत नाही. दर केमोच्या आधी पुन्हा सांगा.

सासूबाईंना देवपूजा करू द्या, त्यांनाही कुठेतरी हात टेकायला हवेत. पण मुलाच्या पांढऱ्या पेशी खाली असतात त्या दिवसांत तीर्थ, न उकळलेल्या दुधाचं पंचामृत, अंगारा जिभेवर ठेवणं, उशाशी ताजी फुलं, गर्दीचं देऊळ, हे सगळं बंद. त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. प्रसाद द्यायचाच तर घरी नुकताच शिजवलेला गरम शिरा चालेल का, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या. मुलांच्या ल्युकेमियाच्या नेहमीच्या प्रकारात उपचार दोन-तीन वर्षं चालतात आणि वेळेवर, पूर्ण घेतले तर बहुसंख्य मुलं बरी होतात. मध्येच नवसाची तारीख आली म्हणून केमोची तारीख हलवू नका.

देवघराचं दार कधी उघडायचं ते तुम्ही ठरवा. त्याला मुदत नाही.

प्रश्न : काकांची बायपास आहे. घरी सात दिवसांचं पारायण ठेवलं आहे. त्यांना सांगावं का? — वाचक, नाशिक

सांगा, पण बेतानं. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपासच्या १,८०२ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली. आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना नक्की माहीत होतं त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं. तिथे प्रार्थना करणारी मंडळी अनोळखी होती. तरी, 'माझी तब्येत इतकी बिघडली आहे की काय' ही धास्ती त्यामागे असू शकते, असा तर्क तेव्हा मांडला गेला.

म्हणून काकांना म्हणा, "आमच्या मनाला बरं वाटावं म्हणून आम्ही वाचतोय, तुम्ही निवांत राहा." किती अध्याय झाले याचे निरोप रोज पाठवू नका. 'आता तुम्हाला काही होणारच नाही' असंही म्हणू नका. साधा ताप आला तरी पारायणात कुणाचं काय चुकलं याचा शोध घरात सुरू होतो. पारायणाला बसणाऱ्यांतल्या दोघांची नावं रात्री दवाखान्यात थांबण्यासाठी आणि दोघांची रक्तदानासाठी आजच लिहून घ्या. रक्त द्यायला जाणाऱ्यांनी त्या दिवशी उपास धरू नये. पोटभर न्याहारी आणि पाणी घेऊनच जावं.